जुन्या गाडीतलं घर, गोव्याच्या पावसात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही डिचोलीचे. २०१९ च्या दिवाळीनंतर पर्यटकांना फिरवून दमलेली २०११ सालची एक ट्रॅव्हलर मिनीबस विकत घेतली आणि तिच्यात झोपायला, रांधायला, न्हायला मिळेल एवढं घर बसवलं. नवरा सुतारकाम करतो, वायरिंग माझ्याकडे. मी बारावीला फिजिक्स शिकवते, तेवढाच काय तो अधिकार. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीच्या रांगेत गाडी उभी राहिली की कुणीतरी खिडकीतून डोकावतं आणि तेच प्रश्न विचारतं. नातेवाईक लग्नात विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

सुरुवात सोलरपासून करायची ना?

दहातले आठ जण हेच विचारतात. सोलर हा या सगळ्यातला सोपा भाग आहे, पैसे टाकले की होतो. सुरुवात छतापासून करा. गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून जास्त. उरलेले महिने हवेत खार असतो. छत गळत असेल तर तुमची महागडी बॅटरी कुजक्या प्लायवर बसलेली असेल. आधी गाडी कोरडी करायची, मग तिच्यात वीज आणायची.

कुठली जुनी गाडी घ्यावी?

जिच्यात माणूस ताठ उभा राहतो ती. वाकून चहा करण्यात दोन दिवस मजा वाटते. आपल्याकडे तयार जुनी कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, क्वचितच मिळते, त्यामुळे उंच छताची ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन आतलं घर आपणच बसवायचं, हाच व्यवहार्य रस्ता. इंजिनाचं काम गोव्यात कुठलाही चांगला मेस्त करून देतो, सुटे भाग म्हापशात किंवा फोंड्यात मिळतात. पत्र्याचं तसं नाही. गंज खोल गेला की तिथे ठिगळाला ठिगळ लागत जातं.

गाडी बघायला जाताना विजेरी, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि जुनी चादर न्या. चादर टाकून गाडीखाली झोपा. चाकांच्या कमानी, दरवाजाच्या पायऱ्या, मागच्या बंपरच्या आतली चौकट आणि चेसिसचे जोड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर बरं. भद्द आवाज आला आणि पापुद्रा सुटला तर दुसरी गाडी बघा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त ठोका. आत सीटखालचं मॅट उचलून वास घ्या.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसो, सहा वर्षांवरचे टायर बदलायचे आणि तो खर्च किमतीतून वळता करून मागायचा.

हरमल-आगोंदला विदेशी लोकांच्या कॅम्पर असतात. त्यातली एखादी विकत मिळेल का?

त्या गाड्या बहुतेक ‘कार्ने’ नावाच्या कागदावर तात्पुरत्या देशात आलेल्या असतात आणि मुदतीत देशाबाहेर जायला हव्यात. नाही गेल्या तर कस्टमचं शुल्क लागू होतं. स्वस्तात देणारा भेटला तरी चहा पिऊन परत या. मात्र त्या लोकांच्या गाड्या आतून बघायला मिळाल्या तर सोडू नका. आमची खाट उचलून तिच्याखाली सामान ठेवायची कल्पना आगोंदच्या एका आजोबांच्या गाडीतलीच आहे.

आरटीओचं काय?

कंटाळवाणं आहे, पण पैसे खर्च करायच्या आधी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या गोष्टी बदलतील असे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली. सीट काढणं, पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणणं, छत कापणं, हे सगळं आधी विचारून करायचं. कारखान्यात तयार होणाऱ्या मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तुमचं गॅरेज ‘आम्ही सगळं पास करून देतो’ म्हणालं तर कशाखाली पास करणार ते विचारा. उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा.

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करायला २९ आणि ३०. बारा महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवणार असाल तर इथला नंबर घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढते, म्हणजे जुन्या गाडीची उरलेली वर्षं मोजूनच भाव करा. आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. आत गॅसची शेगडी आहे हे अपघातानंतर त्यांना कळलं तर तुमचा दावा अडकलाच म्हणून समजा.

छत गळतंय, पण कुठून ते सापडत नाही.

सापडणारही नाही, कारण पाणी पडतं तिथून ते शिरलेलं नसतं.

आमचीच गोष्ट सांगते. पहिल्या जूनमध्ये रात्री दोनच्या सुमाराला माझ्या उशीवर थेंब पडला. पाच मिनिटांनी दुसरा. उशी गाडीच्या मागच्या टोकाला होती, म्हणून सकाळी आम्ही मागची काच, मागचा दिवा, मागच्या दरवाजाचं रबर, सगळं सील केलं. रात्री परत थेंब, जागाही तीच. आतलं अस्तर काढलं तेव्हा छताच्या आडव्या पट्टीत बोटभर पाणी साचलेलं दिसलं आणि त्या पाण्यात, खरं सांगते, डासांच्या अळ्या वळवळत होत्या. पाणी शिरत होतं पुढून. ही गाडी पर्यटकांची, तिच्या छतावर बॅगांचं कॅरिअर होतं. विकण्याआधी कुणीतरी ते काढलं होतं आणि बोल्टच्या चौदा भोकांवर सिलिकॉन थापून वर रंग मारला होता. गाडी उताराला तोंड वर करून उभी, म्हणून पाणी पट्टीपट्टीनं तीन मीटर मागे येऊन माझ्या उशीवर उतरत होतं.

शोधायची पद्धत अशी. एक जण आत विजेरी घेऊन, एक जण बाहेर बागेची नळी घेऊन. पाण्याचा जोर कमी. खालून सुरुवात करायची आणि वर सरकायचं, एकेका जागी पाच मिनिटं. थेट छतावर नळी सोडली की सगळीकडून एकदम पाणी येतं आणि काहीच कळत नाही. आत संशयाच्या जागी खडूची पूड लावून ठेवा, ओघळ लगेच दिसतो.

भोक सापडलं की जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. त्याचा तेलकट थर राहिला तर वर रंग धरत नाही आणि नवं सीलंटही धरत नाही. गंज घासून झिंक प्रायमर लावा, मोठं भोक असेल तर पत्र्याचा तुकडा बसवा आणि वर पॉलियुरेथेन सीलंट. व्हेंट (छतातलं हवेसाठीचं झरोक्याचं झाकण), खिडकी, सोलर पॅनेलचे पाय यांच्याखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. हे काम एप्रिलमध्ये करायचं. मे अखेरीस शिडीवर चढणारे पुष्कळ असतात, मी त्यांच्यातली होते.

आत प्लाय कुठलं वापरायचं? फोम घालायचा का?

आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमर किंवा इपॉक्सी. कड उघडी राहिली तर ७१० सुद्धा फुगतं. उष्णतेसाठी बंद पेशींचा फोम पत्र्याला चिकटवून लावायचा. काचलोकर किंवा थर्माकोलचे तुकडे भरू नका: पहिली ओल धरून ठेवते, दुसरे रस्ताभर कुरकुरतात. गादी काथ्याची चालते, पण तिच्याखाली फळ्यांमध्ये फट हवी, नाहीतर ऑगस्टमध्ये खालच्या बाजूला हिरवा नकाशा उगवतो.

सोलर किती आणि बॅटरी किती?

आता तुमचा प्रश्न. दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि एका दिवसाचा हिशेब मांडा. आमचा असा: कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा २८ वॉट, दहा तास, म्हणजे २८० वॉट-तास. चार दिवे मिळून ८०. लॅपटॉप आणि फोन १५०. पाण्याचा पंप २०. मिक्सर ५०० वॉटचा असला तरी पाच मिनिटंच चालतो, म्हणून ४० धरा. आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज: गोव्याच्या उकाड्यात ५०० तरी. एकूण १,०७० च्या आसपास, त्यातला निम्मा एकटा फ्रिज खातो.

छतावर ४०० वॉटची पॅनेल आहेत. जानेवारीत पाच तासांचं चांगलं ऊन आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर १,४०० वॉट-तास मिळतात. खर्च भागून उरतं. जुलैत ढग दाटले की तीच पॅनेल दिवसाला तीन-चारशे देतात, कधी तेवढंही नाही. त्यामुळे पावसाळ्यात आमचा फ्रिज बंद असतो. मासे रोज ताजे मिळत असताना फ्रिज कशाला हवा, असं आमच्या सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या. जुलैसाठी पॅनेल दुप्पट करण्यापेक्षा त्यांचं ऐकणं स्वस्त पडलं.

बॅटरी १२.८ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे १,९२० वॉट-तास. ऊन नसलं तरी दीड दिवस निघतो. पॅनेल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या, तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. आपण १५-१६ अक्षांशावर आहोत, पॅनेल सपाट ठेवलं तरी फार बिघडत नाही, पण थोडा उतार द्या, नाहीतर धूळ आणि पाणी खालच्या कडेशी साचतं. आणि सावली. एका फांदीची सावली अर्ध्या पॅनेलवर पडली तर उत्पन्न अर्ध्याहूनही खाली येतं. थंडगार झाडाखाली उभं राहायचं आणि पॅनेलही भरून चालायचं, हे दोन्ही एकदम होत नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चालणार नाही का?

चालते, आमची पहिली तीच होती. १५० एएच लिहिलेलं असलं तरी निम्मीच वापरायची. गाडी बंद असताना आणि बॅटरीला तासभर विश्रांती दिल्यावर मीटर लावा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, त्याखाली रोज जाऊ लागलात तर दोन वर्षांत निकालात. वजन पन्नास किलोच्या वर, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून पेटी बंद आणि हवा बाहेर जायला नळी हवीच. झोपायच्या जागेत उघडी ठेवायची नाही.

घेताना तारखेचा शिक्का बघा. मला एकानं चौदा महिने दुकानात पडलेली बॅटरी नवी म्हणून दिली. वॉरंटीचं कार्ड नवं होतं, बॅटरी नव्हती.

लिथियम घेतलीत तर ती डायनॅमोला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की चढावर, घाटात, डायनॅमो तापून जातो. मध्ये डीसी-डीसी चार्जर टाका.

एसी?

नाही. छताला व्हेंटचा पंखा, समोरासमोर दोन खिडक्या, त्यांना मच्छरजाळी. मे महिन्यात घरी राहा किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला वर जा.

वायरिंग घरच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेऊ?

तो माणूस चांगला असेल, पण त्याला २३० व्होल्टची सवय असते. घरचा २,००० वॉटचा गीझर ९ अँपिअरवर चालतो. गाडीत १,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० ते १०० अँपिअर ओढतो. त्यामुळे बॅटरी ते इन्व्हर्टर केबल आखूड आणि जाड, आमची ३५ चौरस मिलिमीटरची आहे.

लहान वायरीतही हेच. बॅटरीपासून पाच मीटरवर १० अँपिअरचं काही चालवायचं असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं होतं. २.५ ची वायर घेतली तर वाटेतच ०.७ व्होल्ट जातात आणि फ्रिज ‘बॅटरी कमी’ म्हणून बंद पडतो, बॅटरी भरलेली असली तरी. ६ ची घेतली तर ०.३ जातात. मी हे वर्गात फळ्यावर सोडवून दाखवते. मुलं म्हणतात, मॅडम परत गाडी.

बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरीच्या क्षमतेवर ठरतो. आणि खार: साधं तांबं दोन वर्षांत आतून हिरवं पडतं, वायर बाहेरून ठणठणीत दिसते आणि दिवा मिणमिणतो. कल्हई केलेली मरीन वायर मिळाली तर उत्तम, नाहीतर प्रत्येक लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून नीट क्रिंप करा आणि वर हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी गोंदवाली नळी, चढवा. उंदीरही विसरू नका, वायर पाइपातून न्या.

गॅस आत ठेवणं धोक्याचं नाही का?

आहे, म्हणून सांभाळून. पाच किलोचा छोटा सिलिंडर आम्हा दोघांना पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं आणि ते कपाट गाडीच्या आतल्या बाजूनं हवाबंद. नळीवर छापलेली मुदत बघा. जोड साबणाच्या फेसानं तपासा, काडी ओढून तपासणारे महाभाग मी पाहिले आहेत. रांधताना खिडकी उघडी, गाडी चालताना रेग्युलेटर बंद. ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं हा प्रकार चोर्ल्याच्या थंडीतही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी किती न्यायचं?

शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. टाकी चाकांच्या मध्ये, खाली बसवा. दोघांना जपून वापरलं तर चार दिवस जातात. टाकी अपारदर्शक घ्या, नाहीतर शेवाळ धरतं. वर्षातून दोनदा शंभर लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट १०० मिली टाकून चार तास ठेवायचं, पंप चालवून नळातही येऊ द्यायचं, मग ओतून दोनदा धुवायची. पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावा. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी पहिल्या पावसात लालसर येतं आणि पंपाचा डायफ्राम त्या गाळानंच जातो.

आणि संडास?

सगळे हळू आवाजात विचारतात. लघवी वेगळी जमा करणारा कोरडा संडास. खालच्या डब्यात कोकोपीट. नारळाच्या देशात ते शोधावं लागत नाही. दोन्ही एकत्र झालं नाही तर वास जवळजवळ येत नाही, हे पाहुण्यांना पटत नाही, पण खरं आहे. लघवी दसपट पाण्यात मिसळून झाडांना, डबा घरी आल्यावर आमच्या सेप्टिक टाकीत. नदीत, समुद्रात, खाजनात (खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतात) काहीही सोडायचं नाही. भांड्यांचं पाणी गाळून, साबण कमी वापरून, झाडाच्या मुळाशी.

गाडी कुठे उभी करता?

किनाऱ्यावर नाही, हे ऐकून लोक हिरमुसतात. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर चूल पेटवायला बंदी आहे, दंड होतो, आणि व्हायलाच हवा. ते रिकामे टिन आणि बाटल्या आम्हीही पाहिल्यात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. गाडीच्या दिव्यांनी पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. अभयारण्यात, म्हादई असो की नेत्रावळी, वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. मोकळं माळरान दिसलं तरी ते कुणाचं तरी असतं, बऱ्याचदा कोमुनिदादचं, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं.

मग राहतं काय? कुळागरं. सत्तरीत, फोंड्यात, काणकोणात ओळखीच्या ओळखीनं विचारलं तर सुपारीच्या बागेच्या कडेला गाडीपुरती जागा मिळते. आदल्या दिवशी फोन करायचा, पोचल्यावर आधी घरात जाऊन बसायचं, निघताना काहीतरी देऊन निघायचं. आमच्या पाच वर्षांतल्या चांगल्या रात्री अशाच अंगणांत गेल्या आहेत.

पावसाळ्यात गाडीचं काय करता?

जूनच्या पहिल्या आठवड्याआधी छत तपासून, खालून गोड्या पाण्यानं धुऊन, चेसिसला गंजरोधक मारून घराच्या बाजूला उभी. वर शेड आहे, तिला चारी बाजू मोकळ्या. ताडपत्री थेट गाडीवर गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि रंग सोलतो. गाद्या घरात. कपाटांची दारं सताड उघडी. संगणकातला छोटा १२ व्होल्टचा पंखा व्हेंटमध्ये रात्रंदिवस चालू, तो दोन-तीन वॉटच खातो. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे दर आठवड्याला ओतून बदलायचे. पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून गाडी थोडी पुढे-मागे, म्हणजे ब्रेक चिकटत नाहीत. किनाऱ्याकडून आलो की मात्र महिना कुठलाही असो, त्याच दिवशी खालून धुणं.

चतुर्थीला गाडीच्या दाराला माटोळीतला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांतला, एक घोस बांधतो. त्याचा देखभालीशी काही संबंध नाही.

नारळाखाली उभी केली तर सावली मिळेल ना?

मिळेल. व्हेंटचं झाकण आम्ही आतापर्यंत दोनदा बदललं आहे.